जहाज ‘सँक्शन’ झाले: बेलापूरच्या एका कार्यालयातील इंग्रजी शब्दाचे प्रकरण

निर्यातदारांसाठी जहाजावर जागा आरक्षित करणे, कागदपत्रे तयार करणे आणि माल न्हावा शेवा बंदरात वेळेवर पोहोचवणे, असे काम करणाऱ्या सीबीडी बेलापूर येथील एका लहान कंपनीत हे प्रकरण घडले. त्या कंपनीत कर्मचाऱ्यांना कार्यालयीन इंग्रजी शिकवण्याचे काम माझ्याकडे असल्याने घटनेनंतर संबंधित पत्रव्यवहार मला पाहायला मिळाला आणि ज्या कर्मचाऱ्याच्या हातून तो गेला, त्यांच्यासोबत त्या एका शब्दावर सविस्तर काम करता आले. त्यांच्या आणि कंपनीच्या संमतीने, दोघांचीही ओळख न देता, ते काम येथे मांडत आहे. लेखात त्यांचा उल्लेख विद्यार्थिनी असा केला आहे.

विद्यार्थिनी घणसोलीत राहतात. त्यांचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले असून पुढे वाशीतील महाविद्यालयातून त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली. त्यांचे इंग्रजी कच्चे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनी देत असलेल्या मालाच्या पावतीचा, मसुदा ही कागदपत्रे त्या न अडखळता वाचतात आणि व्यवस्थित तयार करतात. नवा शब्द आला की तो वहीत उतरवण्याची त्यांना सवय आहे. डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ, अशी ती दोन रकान्यांची वही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर आहे. त्या वहीत ‘सँक्शन’ या शब्दापुढे ‘मंजुरी’ आणि ‘सँक्शन्ड’ या शब्दापुढे ‘मंजूर’ असे लिहिलेले होते.

घटना अशी. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील मसाला बाजारातल्या एका व्यापाऱ्याची हळद कंटेनरने आखाती देशातील एका बंदराकडे जायची होती. जहाजावरची जागा आरक्षित झाली होती आणि कंटेनर गोदामात भरून तयार होता. त्या दिवशी सकाळी तिकडच्या एजंटाचा दोन वाक्यांचा ई-मेल आला: ‘प्लीज नोट दॅट द व्हेसल हॅज सिन्स बीन सँक्शन्ड. काइंडली अ‍ॅडव्हाइज.’ विद्यार्थिनींनी तो वाचला, जहाजाला आवश्यक ती मंजुरी मिळाली असा त्याचा अर्थ घेतला आणि व्यापाऱ्याला मराठीत कळवले की जहाज मंजूर झाले आहे, कंटेनर रवाना करावा. दुपारनंतर कंटेनर द्रोणागिरीच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात, म्हणजे जहाजावर चढण्यापूर्वी कंटेनर जिथे ठेवतात तिथे, दाखल झाला. संध्याकाळी कागदपत्रे तपासताना वरिष्ठांच्या नजरेस तो ई-मेल पडला आणि त्यांनी विचारले, “अगं, जहाज कोणी मंजूर केलं? आणि जहाजाला मंजुरी लागते कशासाठी?”

जहाजावर निर्बंध लादले गेले होते. निर्बंधांच्या यादीत आलेल्या जहाजावर माल चढवला, तर बँक त्या व्यवहाराचे पैसे अडवू शकते, विमा कंपनी दाव्याला हात लावत नाही आणि पुढच्या बंदरात माल अडकून पडतो. सुदैवाने माल चढण्यापूर्वीच बाब लक्षात आली. कंटेनर दुसऱ्या जहाजावर वळवण्यात आला, मधल्या काळातले ग्राउंड रेंट, म्हणजे कंटेनर ठेवल्याचे भाडे, कंपनीने भरले आणि व्यापाऱ्याला त्याच्या ग्राहकाकडे विलंबाबद्दल दिलगिरी कळवावी लागली. नुकसान आटोक्यात राहिले. मला लिहायचे आहे ते त्या एका शब्दाविषयी.

वाचन कुठे अडखळले

अपरिचित शब्दापाशी वाचक थांबतो, कोश उघडतो किंवा शेजारच्याला विचारतो. विद्यार्थिनी थांबल्या नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने तो शब्द ओळखीचा होता. किती ओळखीचा होता, हे मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी एकामागून एक उदाहरणे दिली. भावाने सिडकोच्या सोडतीत लागलेल्या घरासाठी कर्ज घेतले, तेव्हा बँकेकडून सँक्शन लेटर आले होते. महावितरणच्या बिलावर मराठीत ‘मंजूर भार’ असते, तेच इंग्रजीत ‘सँक्शन्ड लोड’ असते. कार्यालयात रजेच्या अर्जावर ‘सँक्शन्ड’ असा शेरा मिळतो. सरकारी भरतीच्या जाहिरातींत ‘सँक्शन्ड पोस्ट्स’ म्हणजे मंजूर पदे. यांतले एकही उदाहरण चुकीचे नाही आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ मंजुरीचाच आहे.

माझ्या मते या प्रकरणाचे मूळ नेमके इथे आहे. ‘सँक्शन’ हा शब्द विद्यार्थिनी इंग्रजी म्हणून शिकल्याच नव्हत्या. तो त्यांच्याकडे मराठीतून आला होता. ‘लोन सँक्शन झालं का?’, ‘रजा सँक्शन होत नाहीये’ ही वाक्ये ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत घराघरांत बोलली जातात आणि ती मराठी वाक्ये आहेत. भारतातील प्रशासनाच्या आणि बँकांच्या इंग्रजीने या शब्दाचा एकच अर्थ आपल्या हाती दिला, मराठीने तो शब्द त्या एकाच अर्थासह स्वीकारला, आणि जो अर्थ आपल्याकडे आलाच नाही तो अस्तित्वातच नाही, असे आपण नकळत धरून चालतो. मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द शिकवताना म्हणूनच मला अधिक काळजी घ्यावी लागते. ‘स्क्रुटिनी’ किंवा ‘ऑब्जेक्शन’ यांसारखे कार्यालयीन शब्द मराठीत येताना फारसे बदलले नाहीत. ‘सँक्शन’ मात्र अर्धाच आला.

दुसरा अर्थ मराठी वाचकाला माहीत नाही, असेही नाही. मे 1998 मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या झाल्यानंतर अमेरिकेने भारतावर आर्थिक निर्बंध लादले, हे मराठी वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छापले होते. इराणवरील आणि रशियावरील निर्बंधांच्या बातम्या आजही नियमित येतात. विद्यार्थिनी त्या बातम्या वाचतात. मात्र त्या मराठीत वाचतात, आणि तिथे शब्द असतो ‘निर्बंध’. हा निर्बंध इंग्रजीत कोणत्या नावाने वावरतो, हे जुळवून पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. दोन्ही अर्थ त्यांच्यापाशी होते. एकाला मराठीत रुळलेले इंग्रजी नाव होते आणि दुसऱ्याला निव्वळ मराठी.

ई-मेलची दोन वाक्ये

कोश उघडण्यापूर्वी आम्ही तो ई-मेलच पुन्हा वाचायला घेतला, कारण कोशाशिवायही त्यातून बरेच काही कळू शकत होते. पहिल्या वाक्यात ‘सिन्स’ हा शब्द आहे. ‘हॅज बीन’ या रचनेच्या मध्ये तो येतो, तेव्हा आधी जे ठरले होते त्यानंतर परिस्थिती बदलली आहे, अशी सूचना त्यात असते. जागा आरक्षित करताना जहाज वापरता येण्याजोगे होते. म्हणजे त्यानंतरचा बदल हा ते वापरता न येण्याकडेच असणार. दुसऱ्या वाक्यात एजंट पुढील सूचना मागतो आहे. जहाजाला मंजुरी मिळाली असती, तर त्याने माल पाठवा असे कळवले असते. ‘आता काय करायचे ते सांगा’ असे विचारण्याचे कारण नव्हते. वरिष्ठांचा प्रश्न तिसऱ्या बाजूने त्याच ठिकाणी पोहोचत होता: नेहमीच्या फेऱ्या करणाऱ्या जहाजाला मंजुरी हवीच कशाला?

हे बोलणे झाल्यावर विद्यार्थिनींनी आपणहून एक निरीक्षण मांडले, आणि ते मला फार मोलाचे वाटते. त्या म्हणाल्या, “सर, मी वाक्य वाचलंच नाही. मी तो एक शब्द वाचला आणि बाकीचं वाक्य त्याच्यामागे लावून दिलं.” दोन रकान्यांच्या वहीने ही सवय लावलेली असते. वहीत शब्द एकटा असतो, म्हणून वाक्यातही तो एकटाच वाचला जातो.

मराठीत आपण असे करत नाही. ‘परवा’ हा शब्दच पाहावा. होऊन गेलेला दिवस आणि येणारा दिवस, दोन्हींना आपण ‘परवा’ म्हणतो आणि तरीही कोणाचा गोंधळ होत नाही, कारण ‘मामा परवा आला’ आणि ‘मामा परवा येईल’ यांतला फरक क्रियापद सांगते. कोणी नुसतेच ‘परवा’ म्हटले, तर आपण लगेच ‘गेल्या की येत्या?’ असे विचारतो. शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून ठरवण्याचे कौशल्य प्रत्येक मराठी माणसाकडे आहे. इंग्रजी वाचताना ते वापरायचे असते, एवढेच विद्यार्थिनींना पटवायचे होते. ‘परवा’चे उदाहरण त्यांना लगेच पटले.

‘सँक्शन’च्या बाबतीत शेजारचे कोणते शब्द पाहायचे, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी आम्ही व्याख्या बाजूला ठेवून वाक्ये गोळा केली. त्यांच्या घरची बिले आणि बँकेची पत्रे, कार्यालयातली परिपत्रके, जहाज कंपन्यांच्या सूचना आणि इंग्रजी वृत्तपत्रांची आंतरराष्ट्रीय पाने यांतून वाक्ये कापून टेबलावर मांडली आणि अर्थ न सांगता मी त्यांना गट पाडायला सांगितले. अनेकवचनी नामाचा गट सर्वांत आधी सुटा झाला. ‘सँक्शन्स’ असे अनेकवचन आले आणि त्याआधी ‘इम्पोज’, ‘लिफ्ट’, ‘ईझ’ यांसारखे क्रियापद किंवा नंतर ‘ऑन’ अथवा ‘अगेन्स्ट’ आले, की अर्थ निर्बंध. ‘विदाउट ऑफिशियल सँक्शन’ यासारख्या वाक्यात ते एकवचनी येते आणि त्याला ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ लागत नाही, तेव्हा अर्थ मंजुरी किंवा अधिकृत संमती. इथपर्यंत काम सोपे होते.

क्रियापदाने मात्र बराच वेळ घेतला. ‘सँक्शन्ड’ हे रूप दोन्ही अर्थांना सारखेच लागते. त्याला वचन मदत करत नाही आणि कर्मणी रचनेत करणारा बहुधा दिसतही नाही. शेवटी उत्तर मिळाले ते, कोणाला किंवा कशाला सँक्शन केले आहे, या प्रश्नातून. कर्ज, रजा, खर्च, पद, नकाशा, वीजभार: मंजुरीच्या गटातील कर्मे ही सगळी करायच्या किंवा द्यायच्या गोष्टी होत्या. देश, बँक, कंपनी, मंत्री, उद्योगपती: निर्बंधाच्या गटातील कर्मे ही सगळी स्वतः काही करणारी होती. कृती सँक्शन होते तेव्हा तिला परवानगी मिळते, आणि कर्ता सँक्शन होतो तेव्हा त्याला वेसण घातली जाते. हिंसाचाराला कोणी ‘सँक्शन’ केले असे वाक्य आले, तर तिथेही हिंसाचार ही कृती आहे, म्हणून अर्थ मूक संमतीचा होतो. हा नियम मी सांगितला नाही. टेबलावरच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे हलवताना तो विद्यार्थिनींना दिसला आणि त्यांनी तो मराठीत बोलून दाखवला.

मग जहाज कोणत्या गटात? विद्यार्थिनींनी ते आधी वस्तू म्हणून मंजुरीच्या गटात ठेवले होते. इथे भाषेबाहेरची माहिती लागते. समुद्री वाहतुकीत प्रत्येक मोठ्या जहाजाला सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक असतो. जहाजाचे नाव बदलले, मालक बदलला, ध्वज बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. अमेरिकेच्या अर्थ खात्याचे परकीय मालमत्ता नियंत्रण कार्यालय निर्बंधांची जी यादी ठेवते, तिच्यात व्यक्ती आणि कंपन्यांसोबत जहाजेही असतात आणि त्यांची ओळख याच क्रमांकाने पटवली जाते. म्हणजे त्या यादीत जहाज हे माणसासारखेच, स्वतःची ओळख असलेले असते. विद्यार्थिनी रोज बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यात जहाजाचे नाव भरत होत्या, पण त्या नावामागे असा क्रमांक आणि अशी यादी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. शब्दाचा अर्थ कळण्यासाठी कधीकधी त्या व्यवसायाचे ज्ञान लागते, आणि ते देण्याची जबाबदारी भाषाशिक्षकाइतकीच कार्यालयाचीही असते, असे माझे स्पष्ट मत आहे. वरिष्ठांनी ते मान्य केले आणि आयएमओ क्रमांकावरून यादी कशी तपासायची, हे पुढच्याच आठवड्यात सर्वांना दाखवले.

एका शब्दात दोन टोके कशी आली

विद्यार्थिनींचा यानंतरचा प्रश्न स्वाभाविक होता: परवानगी आणि शिक्षा यांना एकच शब्द इंग्रजीत आलाच कसा? याचे उत्तर शब्दाच्या मुळाशी आहे. लॅटिनमधील ‘सॅन्किरे’ या धातूचा अर्थ पवित्र ठरवणे, विधिपूर्वक पक्के करणे असा होता. ‘सेंट’ आणि ‘सँक्च्युअरी’ हे शब्द त्याच कुळातले. कायदा पक्का करायचा म्हणजे त्याला अधिकृत मान्यता द्यायची आणि तो मोडणाऱ्याला दंडही ठरवायचा. या दोन्ही गोष्टी मुळात एकाच कृतीचे भाग होते. 1713 साली पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स याने आपला वारसा मुलीकडेही जाऊ शकावा म्हणून जे फर्मान काढले, ते ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ या नावाने ओळखले जाते. तिथे अर्थ राजाज्ञा असा आहे. परवानगी आणि दंड या दोन फांद्या वेगळ्या पडण्यापूर्वीचा हा अर्थ आहे.

दंडाच्या फांदीला एकोणिसाव्या शतकात जॉन ऑस्टिन या इंग्रज विधिज्ञाने बळ दिले. सार्वभौम सत्तेची आज्ञा आणि ती मोडल्यास होणारी शिक्षा, म्हणजे सँक्शन, यांतून कायदा बनतो, ही त्याची मांडणी आपल्याकडील विधी शाखेचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. पहिल्या महायुद्धानंतर हा शब्द राष्ट्रांच्या व्यवहारात आला. इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, तेव्हा 1935 साली राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) इटलीवर आर्थिक सँक्शन्स लादल्या. एखाद्या देशाला किंवा व्यक्तीला ‘सँक्शन करणे’ ही क्रियापदाची रचना त्यामानाने अलीकडची, विसाव्या शतकातली आहे. भारतीय प्रशासनाचे इंग्रजी त्याआधीच घडले होते आणि त्यात परवानगीची फांदी घट्ट रुजली होती. सरकारी सेवकावर खटला भरण्यासाठी 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 19 नुसार जी पूर्वमान्यता लागते, तिलाही ‘सँक्शन’च म्हणतात. अशा मान्यतेची बातमी इंग्रजीत वाचताना नवखा वाचक पुन्हा फसतो: अधिकाऱ्याविरुद्ध सँक्शन मिळाली म्हणजे अधिकाऱ्याला शिक्षा झाली, असे त्याला वाटू शकते, प्रत्यक्षात खटला चालवण्यास मंजुरी मिळालेली असते.

हा इतिहास मी थोडक्यात सांगितला, तरी त्याचा उपयोग झाला. आपल्या महापालिकांच्या मालमत्ता कराच्या थकबाकीवर जी ‘शास्ती’ लागते, तो शब्द विद्यार्थिनींना ठाऊक होता. विधिशास्त्रातील दंडाच्या अर्थाला तोच शब्द जवळचा आहे, हे सांगितल्यावर त्यांनी वहीत तिसरा अर्थही लिहून घेतला. वहीचा आराखडा मात्र आता बदलला आहे. प्रत्येक शब्दापुढे आधी तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य येते, मग ते वाक्य कोणी कोणाला लिहिले हे येते आणि शेवटी मराठी अर्थ. जागा जास्त लागते, शब्द कमी मावतात. मला हे नुकसान वाटत नाही. कार्यालयात रोज लागणारे शब्द मोजके असतात आणि ते नीट आले पाहिजेत.

स्वतः लिहिताना काय करायचे, याबद्दल मी एक आग्रह धरला आणि कंपनीने तो स्वीकारला. बाहेर जाणाऱ्या पत्रात ‘सँक्शन्ड’ हे क्रियापद वापरायचे नाही. मंजुरी सांगायची असेल तर ‘अप्रूव्ह्ड’ लिहावे, निर्बंध सांगायचे असतील तर ‘अंडर सँक्शन्स’ लिहावे. ज्याला वाक्य वाचायचे आहे, त्याच्यावर शंकेचा भार टाकू नये. काही जुन्या कर्मचाऱ्यांना हे अनावश्यक वाटले, कारण रजेच्या शेऱ्यात ‘सँक्शन्ड’ लिहिण्याची त्यांना वर्षानुवर्षांची सवय आहे. अंतर्गत शेऱ्यांपुरती ती सूट राहू दिली आहे.

एक वाक्य असे होते की, ते कोणत्याच गटात बसेना: समितीने सदस्याचा प्रस्ताव आणि नंतर खुद्द सदस्यालाच ‘सँक्शन’ केले. प्रस्तावापुढे अर्थ मंजुरी आणि सदस्यापुढे अर्थ कारवाई, असे एकाच क्रियापदाने दोन्हीकडे तोंड केलेले. विद्यार्थिनींनी ते वेगळे काढले आणि वर लिहिले, ‘लिहिणाऱ्याला विचारावे.’ तेच उत्तर बरोबर होते.

काही आठवड्यांनी त्या ‘ओव्हरसाइट’ हा शब्द घेऊन आल्या. एका पत्रात ‘ड्यू टू अ‍ॅन ओव्हरसाइट’ सील क्रमांक भरायचा राहिला असे होते आणि दुसऱ्या पत्रात माल ‘अंडर द ओव्हरसाइट ऑफ’ सर्व्हेयर चढवला जाईल असे होते. पहिल्यात ‘अ‍ॅन’ आहे, म्हणजे मोजता येणारी एक नजरचूक. दुसऱ्यात ‘अंडर’ आहे आणि मागे एका माणसाचे पद आहे, म्हणजे देखरेख, असे त्यांनी मला समजावून सांगितले. दोन्ही वाक्ये वहीत आधीच उतरवलेली होती, कोणी कोणाला लिहिले त्यासह. माझ्याकडून त्यांना हवा होता तो ‘अंडर’ऐवजी ‘विथ’ चालेल का, याचा खुलासा. चालणार नाही, असे मी सांगितले आणि आम्ही ‘अंडर’च्या इतर वाक्यांकडे वळलो.